तीन वाजताची सावली

खलफान आला तेव्हा पावणेदोन वाजले होते,
म्हणजे अल खूदमध्ये शहाणा माणूस गच्चीवर जात नाही ती वेळ.
टेप, होकायंत्र, पायात पातळ चपला.
मी मागून चढले, डोक्यावर ओढणी,
हातात त्याच्यासाठी लबनचा गार पेला.
कठड्याला हात लागला, चटका कोपरापर्यंत गेला.

"दक्षिण मोकळी आहे," तो म्हणाला, "उत्तम."
मग टाकीकडे बघितलं.
मग शेजारच्या तिसऱ्या मजल्याकडे, जो मागच्या वर्षी नव्हता.
मग एसीची चार धुडं, दोन मेलेल्या डिश,
आणि माझी दोरी,
मीठ लावलेले बांगडे ओळीनं लटकवलेली.
"ही काढावी लागेल." फार अदबीनं म्हणाला.
नाकाला हात लावला नाही, एवढं खरं.

मला वाटायचं, इथे एक ऊन तेवढं फुकट.
तो सांगतो, पॅनलला उजेड आवडतो, ऊन नाही.
फार तापलं की तेही आपल्यासारखंच,
काम कमी, कुरकुर जास्त.
शिवाय धूळ. पंधरा दिवसांनी धुवायची,
तीही फजरनंतर लगेच, काच थंड असताना.
मी मनातल्या मनात मुश्ताकच्या हातात फडकं दिलं
आणि परत काढून घेतलं. त्याचा गुडघा.

"दिवसा घरी कोण असतं?"
कुणी नाही. आज शनिवार म्हणून मी तरी.
आमचा एसी रात्री चालतो,
आणि रात्री, कितीही आखात असलं तरी, सूर्य नसतो.
ते मीटर उलटं फिरवून जमवतात म्हणे.
मी बिलांची वही उघडली. जून, जुलै, ऑगस्ट:
आकडे बघूनच घाम येतो.
जानेवारीच्या ओळीत जवळजवळ काहीच नाही.

"नऊ वर्षांत पैसे वसूल. वॉरंटी पंचवीस."
पंचवीस तो असं म्हणाला
जसं कुणी पुढचा चौक सांगावा.

आमचा व्हिसा दोन वर्षांचा. करारनामा एका वर्षाचा.
सोफा घेतला तेव्हाही आधी विचार,
जाताना कितीला जाईल.
अशी दोन-दोन करत एकवीस झाली,
कुणी मोजायला बसलं नाही म्हणून.

मालक अबू मुहन्नद यांनी खजूर पुढे केले.
"लाव की. जाताना काढून ने,
नाहीतर राहू दे, मी दुआ देईन."
वहीत दुआचा रकाना नाही.

हर्णैला आमचा स्वतःचा स्लॅब आहे.
कोरा, दक्षिणेला समुद्र, टाकीसुद्धा बसवलेली नाही.
बंद घराच्या नावानं दर महिन्याला
किमान बिल येतं, चुलतदीर फोटो काढून पाठवतो.
तिथे लावायचं कुणी सुचवलं नाही.
मलाही आज, या जिन्यात, पहिल्यांदा सुचलं,
आणि पुढच्या पायरीवर राहूनही गेलं:
उजेड घ्यायला तिथे आहे कोण?

जाताना खलफाननं खडूचा तुकडा दिला.
"टाकीची सावली आखून ठेवा,
नऊला, बाराला, तीनला. जमेल तसं. मग ठरवा."

नऊ-बाराचं मला शाळेच्या ऑफिसातून कसं जमणार?
तीनची तेवढी आखली.
चौथ्या दिवशी सावली रेघेबाहेर बोटभर सरकली होती.
मुश्ताक शिफ्टवरून थेट वर आला,
गणवेशातच त्या सावलीत बसला, गुडघा लांब करून.
"एका पॅनलची जागा खाते ही," मी म्हटलं, "पाच उरतात."
"पाच पुरतील."
"आणि नऊ वर्षं?"
त्यानं खडू घेतला, उगाच फिरवला बोटांत.
"आपण कधी म्हणून बघितलंय का नऊ? म्हण की एकदा."

मी म्हटलं. नऊ.
खालून कुणाचा तरी एसी थडथडून सुरू झाला.

मग मी उठून दोरीची एक गाठ सोडली.
दुसरी अजून तशीच आहे.