परवा

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं बॅग आत टाकली, म्हणाला,
जगात जर्मनी, भारतात परभणी.
मला त्यातलं जर्मनी तेवढं कळलं.
म्हटलं, नाही, सुदान.
तो म्हणाला, बसा.

नाव सांगितलं, मुअतसिम.
घरमालकीणबाईंनी ते दोनदा तोंडात घोळवलं
आणि तिसऱ्यांदा मोतीराम करून बाहेर काढलं.
नळ दहा दिवसांनी येतो, म्हणाल्या.
मी दाराकडं बघत राहिलो.
लाइट जाते, नळ येतो, थंडी पडते, ऊन लागतं,
इथं सगळ्यांना काही ना काही काम आहे.
मी कॉटवर बसून.

एसपी ऑफिसात परदेशी माणसांची नोंद होते.
टेबलावर काच, काचेखाली
कुणाच्या तरी लेकराचा गॅदरिंगमधला फोटो, डोक्याला मोरपीस.
दुधाटे साहेबांनी माझे कागद उलटे केले, सुलटे केले.
परवा या.

परवा म्हणजे?
खानावळीत विचारलं. उद्याच्या पुढचा दिवस.
आणि कालच्या मागचाही.
मग कळायचं कसं?
बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं, प्रयागबाई म्हणाल्या,
आणि ताटात डाळ वाढली.

गल्लीतल्या पोरांनी ठरवून टाकलं, मी फास्ट बॉलर.
एवढा उंच माणूस दुसरं काय असणार?
आयुष्यातला पहिला चेंडू टाकला,
तो देशमुखांच्या टाकीत पडला.
आता मी अंपायर आहे.

प्रयागबाईंच्या दोन्ही हातांत भाकरी फिरते, थप थप,
दुपारभर, वसमत रोडच्या ट्रकांखालूनही ऐकू येते.
मी सांगितलं, आमच्याकडं थापत नाहीत.
पीठ आंबवायचं, पातळ करायचं, तव्यावर ओतायचं,
झावळीच्या तुकड्यानं झटक्यात पसरायचं,
कागदासारखी निघते. आवाज एवढाच, चर्र.
कामून? हात दुखतेत का तुमच्या बायायचे?
परातीतलं पीठ मी चिमटीत धरलं.
आमचंच आहे हे. आम्ही म्हणतो, दुरा.
त्या म्हणाल्या, काय दूर?
म्हटलं, हो.
तेच.

डिसेंबरात विद्यापीठाच्या प्लॉटवर काळी माती फाटली.
सर म्हणाले, भेगा मोजा.
मी पट्टी घातली, पट्टी गेली, मनगट गेलं.
गदारिफची जमीनही अशीच तोंड उघडते;
सात वर्षांचा असताना
माझी डाव्या पायाची चप्पल तिनं गिळली होती.
सरांची पाठ वळल्यावर
मी आत वाकून बघितलं.
उगाच.

बांधावर पाटी होती, ज्वारीच्या वाणाची: परभणी मोती.
या देशात माझं नाव कुणीतरी रंगानं लिहिलंय
असं वाटून तिच्याजवळ उभा राहून फोटो काढला,
आईला पाठवला. अजून पोचलेला नाही.

फोन कधीतरी लागतो.
घरात आता खार्तूमहून निघून आलेली तीन कुटुंबं आहेत.
माझ्या खाटेवर अकरा वर्षांचा एक मुलगा झोपतो.
त्याला आमचं पाणी मचूळ लागतं,
आमच्या बोलण्याचं हसू येतं,
रात्री उठून कडी चाचपतो, दोनदा.
जेवत नाही धड, आई म्हणते, आणि विचारते,
तू जेवतोस ना?

मी म्हटलं, फोन दे त्याला.
तो बोलला नाही. श्वास ऐकू येत होता.
मग मीच सांगत बसलो,
इथं नळ येतो, पायी, दहा दिवसांनी,
आणि मला मोतीराम म्हणतात.
पलीकडं काहीतरी झालं.
हसला असेल. खोकलाही असेल.

आई पुन्हा फोनवर. कधी येणार?
परवा, मी म्हणालो. मराठीतच.
काय म्हणालास?
व्हिडिओ चालत नाही तिकडं,
तिला माझं तोंड दिसत नव्हतं.