चार अधिक तीन

उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर उभा होतो.
एक सूत इकडंतिकडं झालं तर माल परत येतो,
हे हाताला ठाऊक.
म्हणून रिपोर्टवरचा आकडा मी आधी तसाच वाचला,
ड्रॉइंगवरचं माप वाचावं तसा:
पीएसए, अठरा पूर्णांक दोन.
शेजारी बारीक अक्षरात शून्य ते चार.
म्हणजे जॉब रिजेक्ट,
असं माझं मीच ठरवलं.

मग सुईनं बारा तुकडे काढले.
खाली ओळ आली: चार अधिक तीन, बरोबर सात.
तीन अधिक चार पण सातच की, मी म्हणालो.
डॉक्टर म्हणाले, इथं नाही.
इथं आधी कोण येतं, त्यावर असतं.
आणि पुढच्या नंबराला हाक मारली.

भिंतीवरच्या तक्त्यात मराठीतनं लिहिलं होतं,
पौरुषग्रंथी.
ज्या गावात पोरं शाळेत जायच्या आधी
लंगोट कसायला शिकतात
तिथं हा शब्द घेऊन
कुणाच्या दारात जायचं?

नातवाचा मोबाईल घेऊन संडासात बसलो.
पाच वर्षांत शेकडा किती, दहा वर्षांत शेकडा किती,
सगळं होतं.
त्या शंभरात मी कितवा,
तेवढं नव्हतं.

गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या असतात.
ग्लासात धार पडते, फेस वर येतो,
माणसं मिशा पुसत गुडघ्यांबद्दल बोलतात,
साखरेबद्दल, उसाच्या दराबद्दल,
जावयाबद्दलसुद्धा.
कमरेखालचं फक्त शिवीत येतं.

मी म्हशीकडं बघत विचारलं,
रात्री किती वेळा उठता रं तुम्ही?
तातोबा चौगुले हसला.
सगळे हसले.
दस्तगीर शिकलगार हसला नाही.
त्यानं माझ्या ग्लासाचेपण पैसे दिले
आणि सायकल हातात धरून
रंकाळ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला.

"चार वर्षं झाली मला," म्हणाला.
"पहिलं वर्ष वंगाळ हाय, खोटं कशाला सांगू.
वायसर ढिला पडतो. शिंक आली तरी गळतं.
वजू टिकायची नाही, भावा.
मौलानांना विचारायला तीन महिने लाजलो.
विचारलं, तर म्हणाले, सवलत हाय त्याला,
तू काय पहिला हाईस?"

तू काय पहिला हाईस.
पाण्यावर दिवे हलत होते.
एवढ्या दिवसांत कुणी मला
इतकं साधं काही सांगितलं नव्हतं.

"घाई करू नगंस. काचपट्ट्या दुसऱ्या डॉक्टरला दाखव.
प्रश्न लिहून ने.
आणि वहिनीला ने बरोबर,
भ्यानं तुला निम्मं ऐकू येणार न्हाई."

मापांची जुनी वही काढली. तेलाचे डाग तसेच.
एक: ऑपरेशन का शेक?
दोन: थांबून चालंल का, किती?
तीन: हाडांत गेलंय का, कसं कळणार?
नळी किती दिवस. खर्च. योजनेत बसतं का.
लेथवर परत उभं राहता येईल का.
आठवा होता, हसाल, तांबडा रस्सा चालतो का.
नववा लिहिला
आणि खोडला. दोनदा. कागद फाटेपर्यंत.

सकाळी विजयमालानं वही पिशवीत घातली,
एसटीत मांडीवर धरून बसली,
काही बोलली नाही.
मी समजलो, तिला माहीत नाही.

डॉक्टर नवीन होते. वही हातात घेऊन
एकेक प्रश्न वाचत गेले, सावकाश,
शेवटी थांबले.
खोडलेल्याच्या खाली तोच प्रश्न
तिच्या गोल, सातवी शिकलेल्या अक्षरात,
बॉलपेननं, दाबून.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.
मी खिडकीतनं बाहेर बघायला लागलो.
"आमचा," ती म्हणाली.

मग ते बराच वेळ बोलले.
जे गेलं ते परत येईलच असं म्हणाले नाहीत.
मी लिहून घेत होतो.
अक्षर हललंय जरा.
पण वाचता येतं.