पाठीला सुट्टी

हसन मुकादमाने दारूखान्यात ही सायकल जोडली
तेव्हा तिला सगळं होतं:
तोडलेल्या जहाजातल्या खुर्चीची जाळी,
अडीच सायकलींची मिळून एक चेन.
फक्त कॅरिअर नव्हतं.
मी विचारलं, सामान?
तो म्हणाला, "काका, सध्या तुम्हीच सामान.
आधी स्वतःला नेऊन दाखवा."

एकतीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्तीची पेटी
मी पाठीवर वागवली.
काळाचौकी, लालबाग, चौथा मजला, पाचवा मजला.
मग मणक्यातली एक चकती सरकली
आणि डॉक्टरने फिल्म उजेडाला धरून
ठेवणीतला आवाज काढला.

आता आडवा पडून चालवतो.
पाय पुढे, डोकं मागे,
आरामखुर्चीसकट घराबाहेर पडल्यासारखा.
पोरं ओरडतात, "आजोबा उठा, स्टॉप आला!"

पण पाठ टेकली की पाठीवर काही घेता येत नाही.
इतकं साधं, तरी कळायला महिना गेला.

पिशवी हँडलला लावली, गुडघे तिला मारत सुटले.
पेटी पोटावर बांधली,
करी रोडच्या सिग्नलला हवालदार वाकून म्हणाला,
"कितवा महिना?"
मागे, डोक्याच्याही वर, उंच बांधली
तर रे रोडचा पूल चढताना पुढचं चाक हलकं झालं,
रस्त्याला नुसतं शिवत राहिलं,
पोहता न येणाऱ्याची टाच तळ शोधते तसं.

रेशम तांडेल होड्यांच्या ताडपत्र्या शिवते,
शिवडीच्या कोळीवाड्यात.
तिने मला उठवलं, सायकलीभोवती एक फेरी मारली.
"ढुंगणाखाली एवढी जागा मोकळी
आणि वर काय बांधतोस?
होडीच्या डोक्यावर कोण वजन ठेवतं?"

दोन पिशव्या शिवल्या तिने,
सीटखाली, एक या अंगाला, एक त्या,
जमिनीपासून वीतभर वर.
कापड कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाच्या फलकाचं,
छपाई आतून.
स्क्रू ड्रायव्हर शोधायला हात घातला
की तळातून अर्धी मिशी बघते.

मजुरी म्हणून तिचं मशीन नीट करून द्यायचं.
मशीनचं डोकं बिडाचं, बारा किलो.
डाव्या पिशवीत असं बसलं, जणू तिचंच माप घेतलं होतं.
उजवीत माझी हत्यारं, जेमतेम चार.
सायकल डावीकडे कलली आणि कललेलीच राहिली,
एका कानाने कमी ऐकणाऱ्या माणसासारखी.
रेशमने इकडेतिकडे पाहिलं,
सुक्या बोंबलांच्या पिंपावरचे दोन पेव्हर ब्लॉक उचलले
आणि उजवीत टाकले.

निघालो.
इतक्या खालून शहराचं अस्तर दिसतं:
ट्रकांची पोटं, त्यांना लटकलेल्या चपला,
पुलांची खालची बाजू, जिथे कबुतरं आणि वायरी
एकाच खोलीत राहतात.
कुत्र्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत येतात.
त्यांना अजून हे पटलेलं नाही.
मागे बांबूला लाल परकराची चिंधी आहे;
मला नाही तर तिला तरी
बसवाल्यांनी चुकवावं.

मशीनचं शटल झिजलं होतं. बदललं.
तिसऱ्या दिवशी नेऊन दिलं.
रेशमने चिंधीवर चार बोटं टीप मारली,
बघितली नाही, नुसती ऐकली,
आणि चहा टाकला.

परतताना सायकल उजवीकडे ओढत होती.
वाटलं, चाक गेलं. मग वाटलं, पाठच,
आता त्या अंगाने सुरू झाली.
काळाचौकीच्या अलीकडे उतरलो, सगळं चाचपलं.
तेवढ्यात फोन.
"बोंबलात मांजर शिरलंय," रेशम म्हणाली,
"माझे दगड आण आधी."

एक ब्लॉक काढून डाव्या पिशवीत ठेवला
आणि वळलो.