उजेड दिसतो तिथे

पहिले दोन महिने नुसती कानस.
गोरव्याच्या आयटीआयमध्ये
व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडाचा ठोकळा
आणि मी: पुढे जाताना भार डाव्या पायावर,
मागे येताना उजव्यावर.
"हात नाही, कंबर," पंचालसर सांगायचे,
"हात तर कढई घासायलाही लागतात."
मग माझ्याकडे बघून जरा ओशाळायचे.
तेवीस जणांत मी एकटीच मुलगी होते.

सपाट झाला असं वाटलं की
गुण्या लावून ठोकळा खिडकीकडे धरायचा.
मधून केसाएवढा उजेड आला
की सर आपल्या गुजरातीत म्हणत,
"जो, अजवाळुं."
म्हणजे, परत घास.

शाळेत उजेड म्हणजे काहीतरी चांगलं असायचं.

रात्री दांडिया बाजारातल्या खोलीत
मी दाराच्या फटीकडे बघत पडायचे.
वरची बिजागरी ढिली आहे
हे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं.
सकाळी स्क्रू आवळले.
पप्पा म्हणाले, "आता दार वाजणार नाही,
तू आलीस हे कळणार कसं?"

मग मकरपुऱ्यात अप्रेंटिस.
पहिल्याच दिवशी रमणकाकांनी पाना नाही,
नोंदवही दिली. "बेन, तू लखी ले."
चार महिने मी लिहिलं:
पंप नंबर सहा, बेअरिंग बदललं.
पंप नंबर सहा, बेअरिंग बदललं.

मोटारीचा एक पाय बहुधा हवेत असतो,
डुगडुगत्या खुर्चीसारखा.
बोल्ट आवळला की टेकतो,
पण वाकून टेकतो,
आणि ते वाकणं बेअरिंग
पुढे केव्हातरी बोलून दाखवतं.
हे वहीत कुठे लिहायचं
त्याचा रकाना नव्हता.

एका रविवारी लाइन बंद होती.
मी डायल लावला, एकेक बोल्ट सोडला.
चौथ्या पायाशी काटा हलला.
पितळी शिम, फुंकरीने उडेल असा, आत सरकवला.

काकांनी चालू मोटारीच्या पाठीवर
एक रुपया उभा केला.
पडला.
कोणी काही बोललं नाही, पंखा तेवढा फिरत होता.
मी परत बंद केली, परत सोडलं,
आणखी एक शिम, आधीच्याहून पातळ.

या वेळी रुपया उभा राहिला.
काका त्याच्याकडे बघत राहिले,
मग माझ्या काखेतली वही ओढून घेतली,
"केटला नाख्या?" विचारलं,
आणि खिशात चष्मा शोधू लागले.