कडता

तुर्भ्याच्या भाजी बाजारात
अडतीस वर्षं मी मापाडी होतो.
रात्री दोनला नाशिकच्या गाड्या लागायच्या.
माठाच्या जुड्या मोजायच्या शेकड्यानं,
दुधी तोलायचा क्विंटलवर.
कुणाच्या आत काय आहे, ते काट्याला दिसत नाही
आणि मलाही कुणी कधी विचारलं नाही.

आता वाशीच्या दवाखान्यात ठाकूर मॅडम
कागदावर दोन रकाने आखतात.
इकडे लाल माठ, तिकडे दुधी.
शंभर ग्रॅममागे
लोह कुणात जास्त? माठात. कॅल्शियम? माठात.
तंतू, प्रथिनं, अ जीवनसत्त्व: माठ, माठ, माठ.
दुधी बिचारा नुसतं पाणी,
माठाच्या पासंगालाही पुरायचा नाही.
मी मनात म्हटलं, सौदा झाला.
मग त्यांनी अगदी खाली एक ओळ लिहिली, पोटॅशियम.
माठ सहाशेच्या वर, दुधी दीडशेच्या आसपास.
आणि पेनानं माठावर काट मारली.

"भरलेला आहे, म्हणूनच नको."

सुभद्रा हसली.
मोठीच्या वेळी हिचं हिमोग्लोबिन सात होतं.
सिस्टरनी दटावलं होतं, रोज लाल माठ खा, रक्त वाढेल.
मी गाडीतून सांडलेल्या जुड्या घरी आणायचो,
ही लसूण ठेचून परतायची,
भाताच्या कडेनं गुलाबी ओघळ यायचा
आणि पोरं त्यानं मिशा रंगवायची.

तोलायच्या आधी धडा करायचा असतो,
रिकामी पारडी आधी सारखी करून घ्यायची.
माणसाचा धडा कसा करतात
ते कुठल्याच दिवाणजीनं शिकवलं नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार
चार-चार तास तिचं रक्त नळीतून जातं, धुऊन येतं.
बाकीचे दिवस कोपरखैरण्यात दुधी.
"दुधीला स्वतःचं मत नसतं," ती म्हणते,
"ज्यात घालाल, त्याचा होतो."

परवा तिनं माठ मागितला.
सण नव्हता, वार नव्हता. असाच.
मी मॅडमना फोन लावला.
बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका,
पुन्हा उकळा, पुन्हा फेका.
चाळीस ग्रॅम. त्याच्या वर नाही.

पहिलं पाणी बेसिनमध्ये ओतलं
तेव्हा ती दारात उभी होती.
अगदी नळीतल्यासारखं लाल.
दोघंही काही बोललो नाही.
दुसरं पाणी फिकट निघालं.
चाळणीत उरला तो
धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा.
लसूण मात्र मी हात राखून घातला नाही.

मुलीनं घेऊन दिलेला काटा आहे, तळहाताएवढा,
आमच्या बाजारात हसले असते त्याला.
वाटी ठेवली, शून्य केलं, भाजी घातली.
त्रेचाळीस.
मी चिमटीनं काढायला गेलो.
"मापाडी," ती म्हणाली,
"कडता कापायला कधी शिकलात?"

अडतीस वर्षांत नाही कापला.
व्यापारी डोळे वटारायचे, तरी नाही.
खोटा आकडाही कधी लिहिला नव्हता.

वहीत लिहिलं: माठ, चाळीस.

"चव नाही काही," ती म्हणाली
आणि बोटानं वाटी पुसून घेतली.