हरीम

समितीचं इतिवृत्त मी लिहिते.
कोण हजर, ठराव कुणाचा, अनुमोदन कुणाचं.
उसासे लिहायचे नसतात.

हॅझलडेनचा चुनखडीचा डोंगर
पश्चिमेकडून निम्मा खाऊन झालाय.
आता खाणवाल्यांना खाली जायचंय,
पाण्याच्या पातळीच्याही खाली:
रात्रंदिवस पंप, पाणी ओढ्यात,
आणि एंटविसलबाईंची विहीर आटलीच तर
टँकर. परिशिष्ट सात.

पूर्वेचं सहा एकर कुरण ब्लॅकबर्नच्या मशिदीचं.
कबरस्तानासाठी घेतलं होतं,
पण वीतभर मातीखाली कातळ.
मेलेल्यांना जागा मिळेना
म्हणून खाणीला भाड्यानं दिलं.
मदरशाचा बॉयलर त्या भाड्यावर तापतो.

मुफ्ती हाशिम तिसेकर तीन मिनिटं बोलले.
(मूळ दापोलीकडचे. चहाच्या टेबलाशी माझ्याशी मराठी,
सभेत लँकेशायरचं पक्कं इंग्रजी.)
म्हणाले, विहीर म्हणजे नुसतं भोक नव्हे.
भोवतीची चाळीस हात जमीन तिचीच,
तहानलेल्या गुरांना वळायला, बसायला.
तिला हरीम म्हणतात.
तिथं दुसऱ्यानं खणू नये.

दिवा पिवळा, मग लाल.
अध्यक्षबाई अदबीनं म्हणाल्या,
धर्ममत हा नियोजनाचा निकष नाही.
भूजलवाले डॉक्टर ग्रिमशॉ चष्मा पुसत पुटपुटले,
चाळीस हात म्हणजे अठरा मीटर.
हा खडक भेगाळ. इथं सहाशे लागतील.
मुफ्ती हसले. "म्हणजे आमचा हात आखूड पडला.
तुमचा धरू."

मी लिहिलं: श्री. तिसेकर, जमीनमालकातर्फे. नोंद घेतली.

फतवा त्यांनी समितीला दिलाच नाही.
शुक्रवारी दिला, स्वतःच्याच ट्रस्टला:
भाडेपट्टा पुन्हा करणं जायज नाही.
शेजाऱ्याचं पाणी तोडून आलेल्या पैशाची
ऊब मुलांना नको.
मागून युनुस खलफे उठला, खाणीत लोडर चालवणारा.
वजूखान्याच्या पायऱ्या कुठल्या दगडाच्या?
त्याच, मुफ्ती म्हणाले.
आणि मग बराच वेळ
कुणीच काही नाही.

जूनमध्ये कंपनीचं दोन ओळींचं पत्र:
अर्ज मागे, व्यावसायिक कारणास्तव.
पुढच्या साली काउंटीच्या खनिज धोरणात
विहिरीभोवतीचं अंतर सहाशे मीटर झालं.
तळटीप ग्रिमशॉंची.
हरीम हा शब्द फायलीत कुठेच नाही.
मी शोधला.
पानाच्या डाव्या अंगाला दोन बोटं कोरी जागा
तेवढी सगळीकडे होती, जिथं कुणी लिहीत नाही.
आपण तिला समास म्हणतो.

युनुसला आता स्किप्टनपलीकडे काम. पहाटे चारला निघतो.
जुम्म्याला येतो, शेवटच्या रांगेत,
मुफ्तींचा हात टाळून जातो.
मदरशात पोरं कोट घालून सबक म्हणतात,
प्रत्येक अक्षराला थोडी वाफ.

एंटविसलबाईंनी विहिरीच्या पाण्याच्या सहा बाटल्या
मशिदीच्या दाराशी आणून ठेवल्या.
दोन दिवस तशाच होत्या.
मग कुणीतरी आत नेल्या.