चौथा आठवडा : हवाई

पहिला आठवडा रोबो, दुसरा ओरिगामी,
तिसऱ्यात वैदिक गणित, आणि चौथ्यापुढे
यादीत नुसतं एक नाव : हवाई.
ज्या मॅडमनी ते ठरवलं होतं
त्या नवऱ्याची नोकरी गेली म्हणून जूनअखेर
सोफा विकून कोट्टयमला परतल्या.
मग मी. नकाशात बोट ठेवण्याआधी
दोनदा चष्मा पुसला.

गुदैबियातल्या या व्हिलाचा नळ
दुपारी बाराला चहाचं पाणी सोडतो.
खिडक्यांना चांदीचा कागद, आत एसीची घरघर
आणि चौथी-पाचवीची सतरा मुलं,
ज्यांच्या बाबांना जुलैत रजा मिळाली नाही,
किंवा मिळाली, पण चार तिकिटांचे दिनार जमले नाहीत.

"हवाई म्हणजे काय?"
"चप्पल," हफ्सा पारकर ताबडतोब म्हणाली.
"हवाई तिकीट," ओजस म्हणाला,
आणि मग थोडा वेळ कुणीच काही म्हणालं नाही.

रात्री जागून शिकायचं, सकाळी शिकवायचं.
त्यांच्या भाषेत अक्षरं तेरा,
त्यातलं एक म्हणजे नुसतं अडखळणं :
घशात दार लावायचं, लगेच उघडायचं,
लिहिताना एक उलटा स्वल्पविराम.
मी फळ्यावर काढलं आणि म्हणताना
नको तिथे अडखळले.
मागच्या बाकावरून मुअताज कंटाळून म्हणाला,
"मिस, हा हम्झाच आहे. सोपा आहे."
सुदानच्या या पोराने सगळ्यांना तो घशातून काढून दाखवला.
मलाही जमला. लहानपणी दुसरा लाडू मागितला की
आई तोंड न उघडता "अं-अं" म्हणायची,
त्या दोन अं-च्या मधे हे अक्षर होतं.
बाराखडीत नव्हतं. स्वयंपाकघरात होतं.

बेट कसं तयार होतं?
चित्र दाखवलं : समुद्राच्या तळातून उकळता दगड,
तो वर येतो, निवतो, मग लाखभर वर्षांनी
कुठून तरी एक बी.
"आमच्याकडे लवकर होतं," मुअताज.
त्याचे बाबा ड्रेजरवर, रात्रपाळीला.
समुद्राची वाळू उपसतात, समुद्रातच ओततात.
"मागच्या ईदला तिथे आम्ही मासे पकडले.
आता तिथे फार्मसी आहे."
वर्ग हसला. तो नाही हसला.
"मग बी कोण टाकतं?" रिझ्झाने विचारलं.
"बलदिया," तो म्हणाला.

गुरुवारी हार.
क्रेपची फुलं, मधे स्ट्रॉचे तुकडे, बोथट सुया,
ओजसच्या बोटाला तरी टोचलीच.
नियम वाचून दाखवले : हार दुसऱ्यासाठी करायचा.
कुणी घातला तर नाही म्हणायचं नाही.
आणि कचऱ्यात टाकायचा नाही, मातीला परत द्यायचा.
इथे मी थांबले.
चार रात्री इंटरनेट उपसलं,
आणि हे मला न शिकताच येत होतं.
त्याला आमच्याकडे एक शब्दही आहे.

हफ्साने तिचा हार नेला तो थेट दाराशी,
जिथे कुमुदिनी फरशी पुसत होती.
मतारा सोडून तिला अकरा वर्षं झालीत,
हे मला त्या दिवशी कळलं.
तिने मॉप भिंतीला टेकवला,
पायातल्या रबरी चपला काढल्या,
नीट शेजारी-शेजारी ठेवल्या
आणि मान वाकवली.

बारा वाजता व्हॅन आली. सात हार बाकांवरच राहिले.
ते गोळा करून पिशवीत भरले.
माझ्या गळ्यात जो होता त्याचा गुलाबी रंग
घामाने कुडत्यात उतरला, धुऊनही गेला नाही.

पाचवा आठवडा बुद्धिबळाचा आहे.
पिशवी अजून डिकीतच. स्ट्रॉ मऊ होऊन
एकमेकांना चिकटलेत.
समुद्रात सोडावेत तर रंग आणि प्लास्टिक,
पुरावेत तर माती कुठली, पार्किंग सगळं.
राहता राहिली ती नवी वाळू.
तिथे पुढे काय बांधणार आहेत,
मुअताजला एकदा विचारायला हवं.